मखमलीची उलटी लव

मंगळ., २ नोव्हें. १९९३
दाऊद मास्तर डिसेंबरात कायमचे खेडला चालले. त्यांची मास्तरची जागा, म्हणजे कटिंगचं टेबल, मला की हमीदला, हे आमच्या शिलाईच्या दुकानाच्या मालकाने, अरबाबने, आज सांगितलं. म्हणजे सांगितलंच नाही. बुदैया भागातल्या एक गिऱ्हाईक मॅडम नाटक बसवतायत, जुन्या काळच्या इंग्रज राजाचं. त्यात दोन सरदार. एकाचा पोशाख मी कापायचा, एकाचा हमीदने. ज्याचा सरस, टेबल त्याचं.
हमीद माझा मेव्हणा, सकीनाचा धाकटा भाऊ. नऊ वर्षांपूर्वी मीच इथे आखातात आणला. काज करायला मी शिकवलं. आता त्याच्या हाताखाली काम करू? छे.

शुक्र., ५ नोव्हें.
जुम्म्यानंतर मॅडमच्या व्हिलावर मापं घेतली. मॅडमनी गोष्ट सांगितली. राजाच्या उजव्या हाताला कोण उभं राहणार, यावरून दोघा सरदारांचं वैर. शेवटी एकाचं मुंडकं उडतं. मी विचारलं, त्याने केलं काय होतं? म्हणाल्या, काहीच नाही. त्याच्यावर खोटा आळ येतो, दुसऱ्याला खरं ठाऊक असतं, तो गप्प राहतो.
झग्याच्या काठाला फर लावायची. जेवढा मान मोठा, तेवढा पट्टा रुंद. सरदार होणारे दोघे साहेब एकाच बँकेतले. दोघांनीही मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, माझा पट्टा बोटभर वाढव. हसू आलं. मग स्वतःचंच आठवलं, हसू गेलं.

बुध., १० नोव्हें.
हे लिहू नये, पण लिहितो.
हमीदला मखमल कमी पडली. पाठीचा एक तुकडा बसेना, म्हणून त्याने तो उलटा फिरवून बसवला. खडू मारला, कात्री चालवली. मी समोर इस्त्री करत होतो. मखमलीची लव एका दिशेला झोपते. तुकडा उलटा लागला, की उजेडात त्याचा रंगच वेगळा दिसतो. मास्तर सांगायचे, मखमल हाताने बघायची. हमीदने सगळी हयात सूट आणि अरबांचे पायघोळ थोब कापण्यात घालवलेली, त्याला हे कोण सांगणार? मी. दुसरं कोण.
तोंड उघडलंही होतं. मग मूग गिळून बसलो. मास्तर दवाखान्यात गेले होते.

गुरु., १८ नोव्हें.
सकीनाचं पत्र. ‘हमीदला सांभाळा, तो भोळा आहे.’ झगा शिवून तयार. दुकानातल्या ट्यूबलाइटमध्ये काही कळत नाही. मास्तरांनाही कळलं नाही, त्यांचे डोळे गेले आता. अजून सांगता येईल. आठवडा आहे.
नाही सांगितलं.

गुरु., २५ नोव्हें.
जुफैरच्या क्लबात नाटक. अरबाब पाहुणे घेऊन पहिल्या रांगेत. माझा सरदार छान दिसला, खोटं कशाला बोलू.
शेवटी हमीदचा सरदार वधाकडे निघतो. राजाला मुजरा करून पाठ फिरवली, आणि दिव्यांच्या झोतात पाठीवर एक काळा पट्टा उभा. एवढ्या गंभीर जागी लोक हसले. अरबाब हसला नाही. माझ्या बाजूला हमीदने माझं मनगट घट्ट धरलं.

शनि., २७ नोव्हें.
टेबल मला. मास्तरांनी त्यांची कात्री दिली, जिला बारा वर्षं कोणाला हात लावू दिला नव्हता. डोक्यावर हात ठेवला. मला तो हात सोसेना.
वाटलं होतं, हमीद माझ्या हाताखाली राहील, थोडे दिवस फुगेल, मग होईल सारं ठीक. अरबाब म्हणाला, “पाहुण्यांसमोर नाक कापलं. हमीद खलास. व्हिसा कॅन्सल.”
मला टेबल हवं होतं. हे नको होतं, अल्लाची शप्पथ.

सोम., २९ नोव्हें.
मॅडमनी झगा दुरुस्तीला पाठवला. कोणी सांगितलं नव्हतं, तरी हमीदच उसवायला बसला. उसवलेला तुकडा हाताने खालीवर चोळत राहिला. मी समोर, नव्या टेबलाशी.
म्हणाला, “दुलाभाई, एवढा साधा मना कसा नाय समजला?”
मी मास्तरांची कात्री पुसायला घेतली.
“तुमचा लक्ष नसंल तवा. तुमी बघितला असता, तर बोलला असता.”
धागे झटकून त्याने तुकडा सुलटा लावला. टाके एकसारखे. हात माझ्यापेक्षा चांगला आहे त्याचा, हे मला चार वर्षांपासून ठाऊक आहे.
सकीनाला पत्र लिहायला घेतलं. ‘हमीद परत येतोय’ याच्या पुढे पेन जात नाही.
उद्या दहाला अरबाब कागद घेऊन येणार, हमीदची सही घ्यायला. दुकान साडेनऊला उघडतं; अजून सांगता येईल, अर्धा तास आहे. चावी माझ्याकडे.