माझ्या गालाचा नमुना

ती. ताईस,

शिरसाष्टांग नमस्कार (कंबर धरली आहे, त्यामुळे तो कागदावरच). तुझे गुडघे, भाऊजींचा खोकला आणि त्या दोघांवरून होणारी तुमची भांडणं ठणठणीत असतील अशी आशा करतो. माझं ठीक आहे. तुटकी दाढ घासते तिथे गालाच्या आत एक पांढरा चट्टा उठलाय, तेवढंच. काळजी करू नकोस आणि मुख्य म्हणजे येऊ नकोस.

आमच्या प्रयोगशाळेत पेशींना द्यायच्या रंगाची नवी बाटली उघडली, की रंग नीट चढतो का ते बघायला कुणीतरी आपला गाल आतून काडीने खरवडून काचेवर द्यायचा अशी पद्धत आहे. हा मान कित्येक वर्षं माझ्या गालाकडे आहे. (माणसाला कशाचाही मान चालतो.) शरीराच्या या अस्तराला पुस्तकात अभिस्तर ऊती म्हणतात आणि तिच्यात आपलं अख्खं घराणं सापडतं. आतड्यातल्या पेशी उंच, ताठ, समोर येईल ते शोषून घेणाऱ्या, म्हणजे भाऊजी. श्वासनळीतल्या पेशींना बारीक केस असतात, त्या दिवसभर कचरा बाहेर लोटतात आणि कुणी त्यांचं नाव काढत नाही, ती तू. मूत्राशयाचं अस्तर कितीही ताणलं तरी फाटत नाही. आपली आई तशी होती. गालाच्या पेशी मात्र चपट्या, थरावर थर. वरच्या झिजून गळतात, खालून नव्या येतात. तो मी. अलीकडे नुसतं झिजणंच चालू आहे.

परवा माझी काच चुकून पेशंटच्या काचांत मिसळली. ती बघताना आमच्या बाई (म्हणजे डॉक्टर) एकदम खुर्चीतून उठल्या. म्हणाल्या, "हा पेशंट कोण? पेशी बऱ्या दिसत नाहीत. बोलवा, तुकडा काढून तपासायला हवा." आणि ताई, मी म्हणालो, "बघून सांगतो." भीतीने 'तो मीच' हे सांगवलंच नाही गं. मग सगळे त्या पेशंटच्या मागे लागले आणि फोन करायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. घाबरून मी पेशंटच्या यादीतल्या एका म्हाताऱ्या मास्तरांना बोलावून बसलो. ते बायको, मुलगी आणि जावई अशी पलटण घेऊन हजर. बाईंनी तोंडात बॅटरी मारली, तर गाल लोण्यासारखा! जावयाने माझा उद्धार केला. मास्तर मात्र जाता जाता थांबले. म्हणाले, "मग तो बिचारा कोण हो? त्याला बरोबर यायला कुणी आहे का?"

भाऊजींना नमस्कार.

तुझा धाकटा

ता. क. वर 'येऊ नकोस' लिहिलंय ते खोडलेलं समज. मास्तर गेल्यावर बाईंना सांगून टाकलं, तो मीच. त्या रागावल्या नाहीत, स्वतःची खुर्ची मला दिली. तेव्हा मी खरा घाबरलो. सोमवारी तुकडा काढणार आहेत.

आणखी एक. बाईंनी विचारलं, बरोबर कोण येणार? मी तुला न विचारताच सांगून बसलोय, मोठी बहीण येतेय. एक खोटं पुरे झालं, ताई. हे तेवढं खरं कर.