दहा बटणांची पेटी

९ मार्च, रवि.
प्रज्ञाचा फोन. जेवलास का? हो. तू? हो. सुनंदा गेल्यापासून आम्हा बापलेकीचं बोलणं एवढंच. पूर्वी मायलेकीच बोलायच्या, मी मागून 'मी पण आहे गं' म्हणायचो.
आज ठेवता ठेवता विचारलं, तुझा बँड काय म्हणतो? तिकडे ब्रिस्बेनला ते झायडेको वाजवतात. अमेरिकेतल्या लुइझियानाच्या काळ्या लोकांचं नाचायचं संगीत. ही छातीवर पन्हाळी पत्रा अडकवून चमच्यांनी घासते. तर त्यातल्या बटणांच्या अकॉर्डियनबद्दल बोलत सुटली. म्हटलं, मला जमेल का? पेटी वाजवतो मी. हसली! किती महिन्यांनी.

१५ मार्च, शनि.
जिलाँग. कीथ म्हणून म्हातारा आहे, जुनी अकॉर्डियन दुरुस्त करून विकतो. तीन समोर ठेवली. पियानोच्या पट्ट्यांचं, तीन ओळी बटणांचं आणि एक ओळवालं, दहाच बटणं.
"पट्ट्यांचं घे, मेट. बोटांना सवय आहे तुझ्या."
शहाणपणाचं होतं. पण प्रज्ञाच्या बँडमधला टॉम दहा बटणांचंच वाजवतो. तिला मेसेज केला. उत्तर: 'व्हॉटेव्हर, बाबा. सी मधलं घे, बिगिनरला तेच बरं.' घेतलं. सी म्हणजे आपली पांढरी एक.

२४ मार्च, सोम.
ऑफिसातून येऊन गॅरेजमध्ये बसतो. एकच बटण, भाता ढकलला की सा, ओढला की रे. जरा हात बसतो तोवर वरच्या नीपाशी क्रम उलटा. पेटीवर सूर बोटात असतो, इथे दंडात. चाळीस वर्षांचा हात पुसून टाकायचा म्हणजे...

१३ एप्रिल, रवि.
वेरिबीच्या हॉलमध्ये जयंती. पेटीवर मीच. नंतर आमच्यातला मिलिंद मागे लागला, "अरे, त्या नव्या डब्यावर एक भीमगीत होऊन जाऊ दे." कोमल गंधारच नाही त्यात. सा सरकवून पाहिला, दुसरा सूर गेला. मधेच थांबलो. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, लहान मुलाला वाजवतात तशा.

४ मे, रवि.
वॉल्ट्‌झ एक आला, म्हणजे पडत-धडपडत. रेकॉर्ड करून प्रज्ञाला पाठवला. निळ्या टिका लगेच.

७ मे, बुध.
'नाइस बाबा.' बस.

१७ मे, शनि.
कीथकडे. डोळे मिटून ऐकलं त्याने. म्हणाला, "सूर बरोबर आहेत, मेट. पण यावर कोणी नाचणार नाही." डाव्या हाताचा ठेका उजव्याचं ऐकतच नाही. किती दिवस लागतील म्हटलं, तर चहा टाकायला उठला.
खांदा दुखतो.

७ जून, शनि. स्प्रिंगफील्ड लेक्स
लाँग वीकेंड म्हणून प्रज्ञाकडे आलो. विमानात डबा मांडीवर घ्यायला देईनात, वर ठेवला. प्रज्ञा वाळलीये. फ्रिजमध्ये दूध आणि लोणचं.
दुपारी वाजवलं. ती किचनमध्ये, पाठमोरी. म्हटलं, तुझा पत्रा आण की, ठेका तरी दे.
"बाबा, प्लीज स्टॉप."
थांबलो. तिने नळ बंद केला.
"मी बँड सोडला. जानेवारीतच."
पण मार्चमध्ये एवढं भरभरून बोललीस?
"तू विचारलंस ना. तू कधी काही विचारत नाहीस. यू साउंडेड सो हॅपी. मग तू ते घेतलंसच."
का सोडलास?
"आई गेल्यावर नाही जमत. सगळे नाचतात आणि मला वाटतं, कसे नाचू शकतात? टॉमपण म्हणाला, ब्रेक घे." मग, "तू का शिकतोयस पण? खरं सांग."
तुझ्याशी बोलायला, असं तोंडात आलं होतं. "टाइमपास," म्हटलं.
"ओके," म्हणाली.

८ जून, रवि.
खिचडी केली. दोघं जेवलो. सुनंदाचं नाव कोणी काढलं नाही.

९ जून, सोम.
परत. एअरपोर्टवर मिठी मारली तिने, एका हाताने, दुसऱ्यात गाडीची किल्ली. काहीतरी बोलायचं होतं दोघांना. मागची गाडी हॉर्न देत होती.

१४ जून, शनि.
डबा उघडलाच नाही आठवडाभर. कीथचा फोन: बलारटची एक बाई सी मधलं शोधतेय, द्यायचंय का? सोमवारी सांगतो म्हटलं. द्यावं. कुणासाठी ठेवू? माझ्याने काही होत नाही. खांदाही दुखतोच.

१५ जून, रवि.
आज तिचा फोन नाही. संध्याकाळी मीच मेसेज केला, अकॉर्डियन विकतोय. बराच वेळ टायपिंग, टायपिंग, मग काहीच नाही. मग आलं:
'विकू नकोस. पण फॉर अ व्हाइल मला काही पाठवू नकोस.'
बरं, लिहिलं.
फॉर अ व्हाइल म्हणजे किती, ते विचारायला हवं होतं का. की नकोच.