मचव्याच्या पोटातलं घर

मालवण,
ता. २१ डिसेंबर १९६४

चि. गुरुदास यास आनंदीताईचे आशीर्वाद.

मथुरा आणि मुलं खुशाल असतील. पाठवलेलं कोकमाचं आगळ पोचल्याचं मथुरेनेच कळवलं. तुझ्या हाताला दोन ओळी लिहिताना काय मुंग्या चावतात, देव जाणे. दाजींचा खोकला त्यांच्या हट्टासारखाच ठणठणीत आहे.

आपला किनारा आता तुला ओळखू येणार नाही. नवा धक्का, त्याला लागून गुदामं, आणि माड तोडून सरळ डांबरी रस्ता. जिथे जाळी वाळायची तिथे खडीचे ढीग आहेत. आपला बाबली तिथेच मजुरीला जातो आणि रोज संध्याकाळी धक्क्याला शिव्या घालत घरी येतो.

आपलं घरही गेलं. राहतं नव्हे रे, दाजींच्या मचव्याच्या पोटातलं. मालाचं भाडं आगबोटींनी आणि लॉऱ्यांनी पळवलं, दाजींनी मचवा वाळूवर ओढून ठेवला, आणि तू, मी, बाबली त्याचे मालक झालो. आठवतं? काजू भाजून काळी झालेली बोटं, दुपारचा तो तेलकट लाकडाचा वास, आणि दोन फळ्यांमधली फट. तिला डोळा लावला की बोटभर समुद्र दिसायचा. तू म्हणायचास, सगळा दर्या आपल्या घरात आला. त्यानंतर एवढा मोठा समुद्र मी पाहिलाच नाही.

दिवाळीनंतर हुकूम आला, मचवा हलवा नाहीतर फोडू. दाजी म्हणाले, "फोडूचो नाय. दर्यात घालूया." सगळं बंदर हसलं. तू घर सोडताना जे बोललास तेच सगळे बोलले, "ह्यो आता तरूचो नाय, दाजी. फोडा नि जाळा." त्या वाक्यापासून तुम्हा बापलेकांचं बोलणं नाही, हे तुला मी काय सांगू.

अमावास्येच्या उधाणाला देवाला गाऱ्हाणं घातलं, नारळ दिला. हसणारेच खांदा लावायला आले. आपली माणसं तशीच. ओंडक्यांवरून मचवा पाण्यात उतरला आणि डोळ्यांदेखत बुडाला. काठ तेवढे वर राहिले. कोरडा मचवा आधी बुडवायचा, फळ्या फुगल्या की उपसायचा, ही रीत मलाही ठाऊक आहे. पण इतक्या वर्षांची तहान कोणी पाहिली होती? मी रडायलाच लागले. दाजी म्हणाले, "बुडांदे गो. लाकडाची तान भागांदे."

मग रोज सकाळी मी त्यांचा हात धरून किनाऱ्यावर नेत असे. ते कमरेएवढ्या पाण्यात उतरून फळ्या चाचपत, आणि पाण्याचा रंग कसा आहे ते मला विचारत.

दत्तजयंतीला ओहोटीच्या वेळी सगळ्यांनी मिळून पाणी उपसलं. नंतर भरती चढू लागली. मचवा एकदा कण्हला, गुरुदास, खरंच कण्हला, आणि बसलेली म्हैस उठावी तसा हळूहळू उठला. बाबलीने टोपी काढून हात जोडले. दाजींनी माझा दंड घट्ट धरला होता.

"तरलो काय गो?"

"तरलो, दाजी."

"सरळ उभो आसा?"

"सरळ आसा."

असं नवल मी जन्मात पाहिलं नाही. अजून अंगावर काटा येतो.

नंतर आत उतरून मी आपली फट शोधली. सापडली नाही. फळ्या एकमेकींना इतक्या भिडल्या आहेत की नखही शिरत नाही. फट मिटली म्हणूनच मचवा तरला, हे कळतं. तरी तिथे बोट फिरवत मी बराच वेळ बसून राहिले.

आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते. मचवा तरला का, हे दाजींनी मला विचारलं, कारण त्यांना दिसत नाही. गेल्या पावसाळ्यात दोन्ही डोळे गेले. मला शपथ घातली होती, "तेका कळवू नको. माज्या डोळ्यांची कीव करून तो येवक नको. येवचा तर मचव्यासाठी येवंदे." ती शपथ आज मोडली. मला काय बोलायचं ते बोलोत.

महाशिवरात्रीला मचवा कुणकेश्वराच्या यात्रेला न्यायचा बेत आहे. शिडाला बाबली आहे. सुकाणूवर कोण, असं कोणी विचारलं की दाजी म्हणतात, "आसा माणूस." नाव घेत नाहीत. काल ते सुकाणूचा नवा दांडा तेलाने चोळत बसले होते. चोळता चोळता थांबले आणि मला म्हणाले, "तो आता माज्यापेक्षा उंच झालो असतलो, नाय गो?"

मी काय सांगणार? तू ये आणि त्यांच्यापुढे उभा राहा. ते हाताने बघतील.

त्या बोटभर समुद्रातली तुझी वाटेकरी,
आनंदीताई