उरलेली लोकर

१२ जानेवारी

चिरंजीव धाकट्यास, ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. इकडे सगळं ठीक. आईचा खोकला कमी आहे. प्रयोगशाळेत नवं गाळणयंत्र आलं, ते तुझ्याच टेबलावर बसवलं. जागा रिकामीच होती.

तू विचारतोस, चौकशी समितीला एवढी खात्री कशी पटली. सांगते. तळ्याच्या पाण्यात अतिसूक्ष्म प्लास्टिक सापडलं म्हणून तू गावभर डंका पिटलास. तुझ्या शब्दावर तिथली मासेमारी बंद झाली. पण पडताळणीसाठी शुद्ध पाण्याची जी बाटली तू होडीत नेली होतीस, तिच्यातही तेच प्लास्टिक निघालं. ॲक्रिलिक. म्हणजे ते तळ्यातलं नव्हतंच, होडीतल्या माणसाच्या अंगावरचं होतं. नमुने घेताना अंगावर सुतीच कपडे हवेत, हे पहिल्या वर्षाची पोरंसुद्धा जाणतात. पण तुम्हा साहेबांना थंडी वाजत होती, म्हणून आईनं ॲक्रिलिकच्या लोकरीनं विणलेला स्वेटर चढवला. समितीपुढे मात्र कानांवर हात ठेवलेस, की सुती कोटच होता, बाटल्याच खराब निघाल्या. स्वेटरही गायब केलास. शाबास.

मला आईनं कधी काही विणलं नाही. म्हणून माझे नमुने स्वच्छ असतात.

तर, स्वेटर मिळेना म्हटल्यावर मी आईकडे गेले. त्यातली लोकर उरली आहे का, विचारलं.

"कशाला गं?"

म्हटलं, धाकट्याची नोकरी वाचवायचीय, समितीला दाखवायला हवी.

बिचारीनं पलंगाखालची पेटी उपसली. लोकरीचा गुंडा घेऊन स्वतःच आली, तीन जिने चढून, धापा टाकत. समितीला म्हणाली, "माझा मुलगा खोटं बोलणार नाही हो. त्या दिवशी होडीवर हाच स्वेटर घालून गेला, मीच बटणं लावून दिली."

त्यांनी तिचे शब्द जसेच्या तसे लिहून घेतले. तिला पाणी दिलं, रिक्षात बसवून दिलं. लोकर तपासली, तंतोतंत जुळली.

तू लिहितोस, नोकरी गेली तर गेली, पण आईला यातलं काही कळू देऊ नकोस. अजून कळलेलं नाही. तिच्यामुळे तू सुटलास, असं ती शेजारीपाजारी सांगत फिरते. रविवारी माझ्याकडे जेवायला येणार आहे. निकाल वाचून दाखव म्हणून मागे लागलीय. दाखवणार आहे. तिची साक्ष पहिल्याच परिच्छेदात आहे.

तुझी सख्खी,
ताई