उघडा ओठ

मंगळवार, कार्तिक, १९७१

सकाळी तात्यांना, माझ्या चुलत्यांना, अग्नी दिला. त्यांना मूलबाळ नव्हतं, म्हणून मीच. नदीवर न्हाव्याने माझी मिशी उतरवली. ओठाला गार वारा लागतो आहे, अजून सवय होत नाही.

तात्यांनी विशीत मूकपटात बाईचं काम धरलं आणि मिशी काढली. बाप जिवंत असताना! आजोबा म्हणाले, "जित्या बापाचं सुतक धरलंस." त्यानंतर ते तात्यांशी कधीच बोलले नाहीत.

तात्या सांगायचे, "तोंडाला पिवळा रंग फासायचा, बाळा. तांबडा पडद्यावर काळा दिसतो." आम्ही पोरं "बाई आली" म्हणून चिडवायचो. हो, मीसुद्धा. ते हसायचे, "व्हय, आली. पानी तरी द्या की तिला!"

काम सुटलं, तरी मिशी त्यांनी पुन्हा राखली नाही. आजोबा गेले तेव्हा न्हावी तात्यांपुढे थांबला. काढायला होतंच काय? तात्या म्हणाले, "फिरव वस्तरा." उघड्या ओठावरून वस्तरा फिरला, तेव्हा ते रडले.

आज माझा ओठ पाहून सगळ्यांनी मला जवळ घेतलं. पांडुरंगा, विशीत असाच ओठ घेऊन तात्या घरी आले होते. त्यांना कोणी दारातही उभं केलं नाही.