गोड लागलेलं पान

कोल्कापाम्पा,
२६ जून

प्रिय ताई,

तुझं पत्र आणि मोजे पोचले. आम्ही बरे आहोत. आम्ही म्हणजे मी आणि मेंढ्या.

यंदा जूनची थंडी कडाक्याची, त्यामुळे वाळवणाचे बटाटे रात्री उघड्यावर छान गोठलेत. रोज सकाळी एकटीच तुडवून पाणी काढते, वाळत घालते. पायांत जीव राहिलेला नाही. बासिलियो होता तेव्हा दोघं नवरा-बायको मिळून तुडवायचो आणि तुडवता तुडवता भांडायचो. तो गेला तसं भांडायलाही कोणी उरलं नाही.

शेत विकून तुझ्या दुकानामागच्या खोलीत राहायला ये म्हणतेस. विचार करतेय.

बरं, एक झालंय. चार तोंडांतून कळण्यापेक्षा मीच सांगते. खालच्या आळीतला विधुर लेआंद्रो, तोच तो, शेळीसारखा हसणारा, परवा संध्याकाळी त्याच्या मामाला घेऊन आला. मामाने माझ्यापुढे कापड पसरून कोकाची पानं मांडली. मागणीच की गं! पण मी सकाळपासून राबून आलेली, डोकं बधिर. पानं दिसली की हात जातोच, जन्माची सवय. उचलली, चुन्यासारखा राखेचा खडा लावला आणि ठेवली गालात.

"घेतली! होकार झाला!" मामा ओरडला.

"अहो, दमलेय मी. चुकून घेतली."

"मग थुंका की," लेआंद्रो म्हणाला. "आम्ही उठेपर्यंत थुंकता येतं. नंतर नाही."

तू चिडणार, माहीत आहे. या वयात हे काय थेर, म्हणशील. शेताला गिऱ्हाईकही बघून ठेवलं असशील. गावात मी सगळ्यांना सांगते, बाई, चूक झाली.

पण तुझ्याशी काय खोटं बोलू? आई म्हणायची, पान कडू लागलं तर हातातलं काम सोडावं. हे गोड लागलं, ताई. ते दोघं मुद्दाम बराच वेळ बसून राहिले. शेवटी मामा गुडघे धरून उठला. लेआंद्रो मान खाली घालून बसला होता, घाबरला होता बिचारा. मी चघळत राहिले. मला एकटीने तुडवायचा फार कंटाळा आलाय गं.

रागव, पण लग्नाला ये. येताना बाजारातून पानं आण, हिरवी बघून. कडू निघाली तरी चालतील, आता थुंकायची वेळ गेली.

आज सकाळी तो बटाटे तुडवायला आला होता. आल्या आल्या भांडलो.

तुझीच,
कासिमिरा