कोपराचा मार

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायला आता मला थोडा वेळ थांबावं लागतं. तुमचा हात मात्र लगेच आठवतो. एटापल्लीच्या जंगलखात्याच्या नाक्यावरचं आपलं क्वार्टर, पुढचं अंगण, सागवानाच्या दोन बल्ल्या खांद्यावरून उतरवून उभा असलेला एक माडिया माणूस, आणि खाकी शर्टाच्या बाह्या वर सारत त्याच्याकडे चाललेले तुम्ही. आई चुलीपाशी भाताची पेज काढते आहे. पहिला फटका ऐकू आला की ती पातेलं आपटते, दुसऱ्याला झाकण. मला बाहेरचं ऐकू येऊ नये म्हणून. मला ऐकू येतं, आणि दाराच्या फटीतून मी बघतेसुद्धा. त्या माणसाला घराच्या छपराला लाकूड हवं होतं, एवढंच. तो ओरडत नव्हता, आणि त्याचाच तुम्हाला जास्त राग आला. मारून झाल्यावर तुम्ही हात धुऊन जेवायला बसलात आणि मला म्हणालात, "शिक बाई तू. नाई तं अशीच कोनाचा तरी मार खाशील." मला मारताना मात्र हे तुमच्या ध्यानात राहत नसे.

तुम्ही चौथीच्या पुढे गेला नाहीत. रेंजरसाहेब तुम्हाला मजुरांसमोर आईबहिणीवरून शिव्या द्यायचे आणि तुम्ही टोपी हातात घेऊन ऐकायचात. त्याचंच उत्तर म्हणून तुम्ही मला चांद्याच्या कॉलेजात टाकलंत, असं मला वाटतं. तिथे मुली मोजक्याच होत्या. खेळाच्या बाई नागपुराकडून शिकून आलेल्या, बुटक्या, गळ्यात कायम शिट्टी. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला वर्गाच्या दारात अडवलं. "हात वर कर बघू." माझा तळवा चौकटीच्या वरच्या लाकडाला सहज टेकला. "उद्यापासून मैदानावर ये." मुरमाचं मैदान, दोन टोकांना दोन खांब, त्यांवर फळ्या आणि लोखंडी रिंग. खेळाचं नाव बास्केटबॉल, ते मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. चेंडू अंगावर आला की बाकीच्या मुली तोंड फिरवत. मी फिरवत नव्हते. बाईंना ते धाडस वाटलं. डोळे उघडे ठेवून फटका घ्यायला मी घरीच शिकले होते, हे त्यांना कुठून माहीत असणार? महिन्याभरात मी संघात आले. पडले, गुडघे सोलले, बोटं सुजली, आणि मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

मग तुम्ही आलात. कोणा ठेकेदारानं तुम्हाला सांगितलं होतं की नाकेदाराची पोरगी पायजमा घालून पोरांसमोर नाचते. लाकडाच्या ट्रकवरून उतरून तुम्ही सरळ मैदानावर आलात, कमरेचा पट्टा काढला आणि एक शब्द न बोलता मला मारायला लागलात. पाठीवर, मांड्यांवर, मग बक्कल कानामागे लागलं आणि मानेवरून रक्त वाहायला लागलं. चेंडू माझ्या हातात होता. तो मी पोटाशी धरून ठेवला. मुली ओरडत पळाल्या, बाई पळाल्या नाहीत. त्या मध्ये घुसल्या आणि पुढचा पट्टा त्यांच्या मनगटावर बसला. तुम्ही थबकलात. शिकलेल्या, पगारदार बाईवर तुमचा हात कधी उठला नव्हता.

"बाई, तुमाले लागलं काय?" तुम्ही विचारलंत. मला नाही विचारलंत.

"लागलं," त्या म्हणाल्या. "आता तिकडे झाडाखाली बसा आणि तुमची मुलगी काय करते ते बघा. मग न्यायची तर न्या."

तुम्ही खरंच कडुनिंबाखाली जाऊन बसलात. कानामागे रुमाल बांधून मी खेळले. संध्याकाळी तुम्ही मला घरी न्याल म्हणून मी वसतिगृहात पेटी भरायला निघाले, तर तुम्ही भलतंच बोललात. "ते लाल रिबिनवाली तुले ढकलून राह्यली होती. तू काऊन गप राह्यली?"

"ढकललं तर फाऊल होतो, बाबा."

"शिट्टीवालीचं तोंड तिकडं असलं तं कायचा फाऊल? कोपर कायले देल्ला देवानं?"

पुढच्या महिन्यात ट्रकवाल्याच्या हातून कॅनव्हासचे पांढरे बूट आले. एक नंबर मोठे होते, म्हणून पुढे कापूस कोंबलेला. तो तुम्हीच कोंबला असणार. आईनं असा दाबून कोंबला नसता. मी ते बूट घालून रडले, आणि कशासाठी रडले ते मला आजही नीट सांगता येत नाही. त्यानंतर चांद्यातल्या प्रत्येक सामन्याला तुम्ही हजर. रेषेला लागून उभे राहायचात आणि घसा फुटेस्तोवर ओरडायचात.

नागपूरच्या कॉलेजाबरोबरचा अंतिम सामना आपल्याच मैदानावर होता. त्यांची एक उंच, गोरी मुलगी माझ्या मागावर ठेवलेली. ती चांगली खेळत होती, बाबा. खोडसाळपणा काही नाही, नुसती माझ्या आधी पोचायची. शेवटची काही मिनिटं उरली आणि आपण मागे होतो. "हान! हान तिले!" तुमचा आवाज सगळ्यांच्या वर येत होता. चेंडू वर होता, पंचाची नजर चेंडूवर होती. मी उडी मारली आणि कोपर मागे फेकला. कडक काहीतरी मोडल्याचं मला हाडात कळलं. ती खाली बसली. मी रिंगेत चेंडू टाकला आणि मग वळून पाहिलं. तिनं तोंडासमोर ओंजळ धरली होती, ओंजळीत रक्त आणि दात. ती रडत नव्हती. चकित होऊन माझ्याकडे बघत होती, जणू माझ्या हातून काही चुकून झालंय आणि मी आत्ता तिच्याजवळ येईन. मी गेले नाही. पंचाला धक्का अपघाताचा वाटला. आपण जिंकलो. गर्दीतून वाट काढत तुम्ही आलात आणि माझ्या डोक्यावर हात ठेवलात. मारायला नाही, नुसता ठेवलात. त्या मुलीला दोघीजणी धरून नेत होत्या, आणि माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात आनंदाचा क्षण होता.

बाईंनी मला बाजूला घेतलं. "मुद्दाम मारलंस?" मी नाही म्हटलं. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. पुढे माझी विद्यापीठाच्या संघात निवड झाली. जबलपूर, सागर अशा गावांना मी खेळायला गेले आणि जिथे गेले तिथे कोणी ना कोणी माझ्या कोपरानं लोळलं. दुसऱ्या संघातल्या मुली मला जंगली म्हणायच्या. मला ते आवडायचं.

शेवटच्या वर्षाच्या आधीच्या उन्हाळ्यात मी घरी आले होते. ओल्या लाकडानं चूल पेटत नव्हती, भाताला उशीर झाला, आणि तुम्ही चुलीतलं धुमसतं लाकूड उपसून आईवर उगारलंत. मी काही ठरवलं नव्हतं. तुमचं मनगट धरलं आणि कोपर गेला. तुम्ही भिंतीला टेकून खाली घसरलात, ओठ फाटलेला, खाकी शर्टावर लाल ओघळ. आई पाणी घेऊन धावली ती तुमच्याकडे. "बापाले मारते? पोरी, बापाले?" ती मला दगड मारावा तशी बोलत होती. तुम्ही तिचा हात बाजूला केलात, दात चाचपलेत आणि म्हणालात, "राहू दे. बरोबर लागला." तुमच्या आवाजात राग नव्हता. मला तो हवा होता. रेंजच्या ऑफिसात तुम्ही सांगितलंत की ट्रकवरून पडलो. त्यानंतर तुम्ही आईवर हात उचललात की नाही, ते तिनं मला कधीच सांगितलं नाही.

पुढच्या हंगामात मी मैदानावर उतरले आणि समोर मुलगी आली की माझे हात आपोआप अंगाशी यायचे. ती बाजूने निघून जायची. तिसऱ्या सामन्यात बाईंनी मला बाहेर बसवलं. तिथे बाकावर मी त्यांना सगळं सांगून टाकलं, की नागपूरवालीला मी मुद्दाम मारलं होतं. त्यांनी शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळली. "मला तेव्हाच दिसलं होतं गं," त्या म्हणाल्या. "मलाही कप हवा होता." माझा खेळ त्या दिवशी संपला.

सावली गावच्या शाळेत मी खेळाची शिक्षिका झाले. तुम्ही हिवतापानं गेलात तेव्हा मी तिथेच होते. निरोप आला तो मैदानावर, मुली रांगेत उभ्या असताना. मी तास पूर्ण घेतला आणि मग निघाले. लोकांना वाटलं, फार धीराची आहे.

गेल्या आठवड्यात मुलींना घेऊन नागपूरला स्पर्धेला गेले होते. बक्षीस द्यायला एक उंच बाई आल्या होत्या, केस पांढरे, ओठाखाली आडवा वण. हसताना तोंडावर हात धरायच्या. माझ्या मुलींचं त्यांनी फार कौतुक केलं, अंगावर न जाता खेळतात म्हणाल्या. मग मला विचारलं, "चांद्याकडच्या का तुम्ही? मी एकदाच आले होते तिकडे, कॉलेजात असताना, मॅचला. तुम्ही खेळायचात का तेव्हा?"

"नाई," मी म्हटलं. "मी कधी खेळलीच नाई."

हे सगळं खरं तर तिला लिहायला हवं होतं, बाबा. पत्ता मागितला असता तर तिनं दिलाही असता. मी मागितला नाही.